सोडून जाण्याचा हक्क

२०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यात महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल फोन शासनालाच परत केले. पोषण अभियानाखाली २०१९ मध्ये वाटलेले हे फोन हलक्या प्रतीचे होते. दोन वर्षांत ते जागोजाग नादुरुस्त झाले होते आणि दुरुस्तीचा भार सेविकांच्या तुटपुंज्या मानधनावर पडत होता. त्यातच केंद्र सरकारने त्या वर्षी आणलेले पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप त्या फोनला झेपेना, आणि माहिती इंग्रजीतून भरावी लागते ही तक्रार तर गावोगावची होती. फोन परत करताना सेविकांनी काम नाकारले नव्हते. बाळांची वजने घेणे, आहार वाटणे, वहीत नोंदी करणे चालूच होते. त्यांनी नाकारले ते एक साधन, आणि त्या साधनाबरोबर गळ्यात पडलेली सक्ती.

या आंदोलनाची चर्चा त्या वेळी मानधन आणि फोनची प्रत एवढ्यापुरती झाली, आणि ती रास्तच होती. परंतु आणखी एका प्रश्नाकडे त्याने बोट दाखवले होते. स्मार्टफोन वापरणारा माणूस एक कार्यप्रणाली सोडून दुसरीकडे कशाने वळेल, हा प्रश्न एरवी व्यापारी मासिके आणि जाहिरात संस्था चघळत असतात. त्यांचे उत्तर ठरलेले आहे : कॅमेरा अधिक चांगला द्या, किंमत उतरवा, पडदा अधिक चकचकीत करा, ग्राहक आपसूक येईल. ग्राहक हा बाजाराचा राजा आहे या जुन्या सूत्राचाच हा नवा अवतार. गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास मात्र या उत्तराला मुळीच दुजोरा देत नाही.

नोकियाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. भारतात मोबाइल म्हणजे नोकिया असे समीकरण एके काळी होते. फेब्रुवारी २०११ मध्ये या कंपनीने स्वतःची सिम्बियन प्रणाली मागे टाकून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली स्वीकारण्याचे ठरवले. ती प्रणाली वाईट होती असे तिचे टीकाकारही म्हणत नसत. स्वस्त फोनवरही ती सुरळीत चालत असे. मायक्रोसॉफ्टजवळ पैसा होता आणि नोकियाजवळ जगभरचे विक्रीजाळे होते. तरीही ग्राहक आला नाही, कारण लोकांना हवी असलेली अ‍ॅप्स तेथे नव्हती. आणि अ‍ॅप्स नव्हती, कारण लोक तेथे नव्हते. अ‍ॅप लिहिणारा गर्दी पाहून दुकान मांडतो आणि गर्दी दुकाने पाहून जमते. हे चक्र एकदा दुसऱ्याच्या अंगणात फिरू लागले की त्याला केवळ गुणवत्तेच्या जोरावर उलटे फिरवता येत नाही. त्यातही प्रतिस्पर्ध्याच्या हाती चाव्या असतात. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या फोनसाठी स्वतः तयार केलेले यूट्यूबचे अ‍ॅप गूगलने अडवले. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन व्यवसाय विकत घेतला, आणि जुलै २०१५ मध्ये त्यापोटी सुमारे ७.६ अब्ज डॉलर बुडीत म्हणून लिहून टाकले. जगातील बलाढ्य कंपन्यांपैकी एक जेथे शिरकाव करू शकली नाही, तेथे ‘खुली स्पर्धा’ आहे असे म्हणण्यास धाडस लागते.

या कथेचे एक प्रकरण व्यापारी मासिकांत सहसा छापले जात नाही. तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदुर येथे २००६ साली सुरू झालेला नोकियाचा कारखाना करविवादामुळे मायक्रोसॉफ्टच्या व्यवहारातून वगळला गेला आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंद पडला. तेथील हजारो कामगारांत तरुण मुलींची संख्या मोठी होती. कोणती प्रणाली जिंकावी हे ठरवताना त्यांना कोणी विचारले नव्हते. हरलेल्या बाजूची किंमत मात्र त्यांनी चुकवली.

गरिबांच्या बाबतीत किंमत निर्णायक ठरेल, ही समजूतही अर्धीच खरी आहे. २०१४ मध्ये इंटेक्स कंपनीने मोझिला या संस्थेच्या फायरफॉक्स प्रणालीवरचा फोन दोन हजार रुपयांच्या आत बाजारात आणला. जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगने स्वतःच्या टायझन प्रणालीवरचा फोन ५,७०० रुपयांना भारतातच प्रथम विकण्यास काढला. दोन्ही प्रयोग फसले. फायरफॉक्सच्याच मुळावर वाढलेल्या कायओएस या प्रणालीला पुढे २०१७ मध्ये जिओफोनच्या रूपाने भारतात मोठा ग्राहकवर्ग मिळाला. पण तो १,५०० रुपयांची परत मिळणारी अनामत, स्वस्त डेटा आणि पाठीशी असलेले अवाढव्य भांडवल यांच्या बळावर. त्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप येण्यास सप्टेंबर २०१८ उजाडला, आणि तोवर त्या उणिवेची कुरकुर सतत चालू होती. शिवाय तो फोन एकाच कंपनीच्या सिमकार्डावर चाले. एका सावकाराचे खाते बंद करून दुसऱ्याच्या वहीत अंगठा उमटवणे याला सुटका म्हणत नाहीत.

तेव्हा माणूस हलत नाही तो आळसाने किंवा अज्ञानाने नव्हे. हलण्याची किंमत त्याच्यावर एकट्यावर पडते आणि ती दुकानातील पाटीवर लिहिलेली नसते. पाच-सात वर्षांची छायाचित्रे, संभाषणे, विकत घेतलेली अ‍ॅप्स, बँकेची नोंदणी, वृद्ध आईला महत्प्रयासाने शिकवलेली बटणे, हे सारे त्या किमतीत येते. व्हॉट्सअ‍ॅपवरील जुनी संभाषणे आयफोनवरून अँड्रॉइडवर वा उलट नेण्याची अधिकृत सोय २०२१ पर्यंत नव्हती. ही गैरसोय नेहमीच अनवधानाने राहते असे नाही. अ‍ॅपलची संदेशसेवा अँड्रॉइडवर आणली तर आयफोनवाली कुटुंबे मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देतील, या आशयाचा २०१३ सालचा त्या कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा पत्रव्यवहार २०२१ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात उघड झाला. कुंपण कोठे घालायचे याचा विचार तेथे शांतपणे केला गेला होता.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने गोपनीयतेच्या अटी बदलल्या तेव्हा भारतात संताप उसळला. सिग्नल नावाचे अ‍ॅप इतक्या लोकांनी उतरवून घेतले की १५ जानेवारीला त्याची यंत्रणाच कोलमडली. व्हॉट्सअ‍ॅपला मुदत मे महिन्यापर्यंत पुढे ढकलावी लागली. पण मे आला आणि गेला, अटी लागू झाल्या, आणि रागावलेली माणसे आपापल्या जुन्या गटांत पूर्ववत सुप्रभात म्हणू लागली. त्यांचा राग खोटा होता असे मुळीच नाही. गिरणीतला एक कामगार पाळी सोडून बाहेर पडला तर त्याची हजेरी बुडते, सारे खाते बाहेर पडले तर संप होतो. येथे तर प्रत्येक जण एकेकटा दाराशी आला, बाहेर कोणी नाही असे पाहिले आणि परतला. त्या अटींबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, तोपर्यंत जवळजवळ चार वर्षे लोटली होती.

या संदर्भात कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घराकडेही पाहावयास हरकत नाही. कामगार संघटनांच्या सभा, मोर्च्याच्या वेळा, वर्गणीचे हिशेब, सभासदांच्या याद्या हे सारे आज एका परकीय खासगी कंपनीच्या खात्यावर चालते. मक्तेदारीविरुद्धच्या परिषदेचे निमंत्रणही त्याच मार्गाने येते. यात ढोंग नाही, अगतिकता आहे. पण अगतिकतेची सवय झाली की तिची बोच जाते.

मग लोकांना मोकळे करते ते काय? याचे एक उत्तर भारतातच मिळालेले आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय कायद्याने झाली. त्यापूर्वी नळजोडणी करणाऱ्या कारागिराने कार्डावर छापलेला क्रमांक ही वस्तुतः कंपनीची मालमत्ता होती, आणि वाईट सेवा मिळूनही तो कारागीर तिला बांधलेला होता. कोणत्याही कंपनीने ही सोय आपखुशीने केली नव्हती, ती सर्वांवर एकाच वेळी बंधनकारक झाली. तेच तत्त्व छायाचित्रे, संभाषणे, संपर्कांच्या याद्या यांना का लागू नये? युरोपीय संघाने मार्च २०२४ पासून लागू केलेल्या कायद्यात व्हॉट्सअ‍ॅपसारख्या बड्या संदेशसेवांनी इतर सेवांना जोडणी द्यावी असे बंधन घातले आहे. भारत सरकारनेही मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, परंतु वर्ष उलटून गेले तरी तो संसदेपुढे आला नाही.

केवळ जोडणीने सारे साधते, असे मानणेही भाबडेपणाचे होईल. यूपीआयमध्ये कोणत्याही अ‍ॅपवरून कोणत्याही बँकेत पैसे जातात. याहून अधिक खुली रचना शोधून सापडणार नाही. तरीही त्यातील ८० टक्क्यांहून अधिक व्यवहार दोनच कंपन्यांच्या अ‍ॅपवरून होत असल्याचे २०२४ च्या अखेरीस दिसत होते. एका कंपनीस ३० टक्क्यांहून अधिक वाटा नसावा हा २०२० मध्ये जाहीर झालेला नियम पुनःपुन्हा लांबणीवर पडून २०२६ च्या अखेरीपर्यंत गेला. दार उघडे असणे आणि दाराबाहेर रस्ता असणे या दोन गोष्टी आहेत. कायद्याच्या अंमलाचेही तसेच आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला; मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आधीपासून भरलेली अ‍ॅप्स काढून टाकण्याची मुभा देणाऱ्या निर्देशासह चार निर्देश रद्द केले. दंड कंपनीच्या तिजोरीतून जातो. निर्देश असते तर ते फोनधारकाच्या हाती काही देऊन गेले असते.

दुसरे उत्तर स्वदेशीचे दिले जाते. जानेवारी २०२३ मध्ये मद्रास आयआयटीच्या आश्रयाने तयार झालेल्या भारओएसची चाचणी केंद्रीय मंत्र्यांनी समारंभपूर्वक केली. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्र्यांच्याच आवाहनानंतर अरट्टै या देशी संदेश-अ‍ॅपकडे लोकांची रीघ लागली. ट्विटरला देशी पर्याय म्हणून गाजावाजा झालेले कू जुलै २०२४ मध्ये बंद पडले. देशी प्रयत्नांची टवाळी करण्याचे कारण नाही. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तरुणांनी उभारलेल्या इंडस ओएसने मराठीसह अनेक भारतीय भाषांतून फोन वापरणे सुलभ केले होते, हे काम मोलाचे होते. पण देशाभिमानाच्या भावनेवर माणूस एक दिवस अ‍ॅप उतरवतो. दुसऱ्या दिवशी त्याला भाचीच्या लग्नाचे फोटो कोठे येतात तेथेच जावे लागते. आणि मालक देशी असला म्हणून कुलूप सैल होत नाही.

स्वदेशीचा खरा धडा जुनाच आहे. परकीय चलन नियमन कायद्याखाली भारतीय भागीदारी देण्याचे नाकारून आयबीएम कंपनी १९७८ मध्ये भारतातून गेली, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. ही कंपनी इतरत्र जुनी झालेली यंत्रे भारतात भाड्याने देत असे. ती गेल्यावर त्या यंत्रांचे काय होणार, ही भीती अनाठायी नव्हती. कारभार ठप्प झाला नाही, कारण सीएमसी ही सार्वजनिक क्षेत्रातील संस्था आधीच उभी होती आणि यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी तिने उचलली. स्थलांतराचा खर्च एकेका ग्राहकावर न टाकता समाजाने मिळून उचलला. केरळने सरकारी शाळांतील संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले तेही याच रीतीने : शिक्षकांचे प्रशिक्षण, मल्याळम भाषेची सोय आणि परीक्षापद्धती ही सारी एकत्र बदलली गेली. लाखो विद्यार्थ्यांनी प्रणाली बदलली, पण ती बदलताना त्यांतील एकालाही एकटे वाटले नाही.

महाराष्ट्रात नेमके उलट घडत आले आहे. सर्वांत मोठी बांधणी बाजारापेक्षा सरकारच करीत आहे. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवरील हजेरी छायाचित्रासह अ‍ॅपवरून घेणे देशभर सक्तीचे झाले. ते अ‍ॅप अँड्रॉइडवरचे. पोषण ट्रॅकरही अँड्रॉइडवर. आशा सेविका, शिक्षक, तलाठी प्रत्येकाच्या कामाला स्वतंत्र अ‍ॅप, आणि ते गूगलच्याच दुकानातून घ्यावयाचे. भारतातील शंभरांतील नव्वदांहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत, मग बिघडले काय, असे अधिकारी विचारतात. बिघडले ते असे की नागरिकाचा रोजगार आणि बालकाचा आहार यांच्या वाटेवर एका कंपनीचा टोलनाका सरकारने स्वतः बांधून दिला. तेच काम कोणत्याही फोनवरील साध्या ब्राउझरमधून, मराठीतून, नेट नसताना नोंदवून नंतर पाठवता येईल अशा रीतीने करून घेणे तांत्रिक दृष्ट्या अवघड नाही. फोन खरेदी करतानाच सुरक्षाविषयक सुधारणा किती वर्षे पुरवल्या जातील, दुरुस्ती तालुक्याच्या गावी कोण करील आणि त्याचा खर्च कोणाचा, हे करारात लिहून घेता येते. आणि सेविकेने भरलेली माहिती दुसऱ्या कोणत्याही यंत्रणेत नेता येईल अशा खुल्या स्वरूपात असली पाहिजे, ही अट तर बिनखर्चाची आहे.

अंगणवाडी सेविकांच्या संघटनांनी २०२३ च्या फेब्रुवारीत पुन्हा संप केला, तेव्हा नवे आणि चांगले फोन ही मागणी त्यांच्या यादीत होती. यापुढच्या मागणीपत्रात फोनच्या प्रतीबरोबर या अटींचाही समावेश त्यांनी, आणि आशा व ग्रामरोजगार सेवकांच्या संघटनांनीही, करावयास हवा. आणि तो निविदा निघण्यापूर्वी करावयास हवा, कारण नंतर शासनाचे उत्तर ठरलेले असते की करार झाला आहे, आता पाच वर्षे काही करता येणार नाही.