भोपळा, बैल आणि बोजारा

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पुण्या-मुंबईच्या काही गृहसंकुलांत मुले भुताखेतांचे मुखवटे चढवून दारोदार खाऊ मागत हिंडतात, आणि डोळे-दात कोरलेल्या भोपळ्यात दिवा मिणमिणत असतो. मोबाइलच्या पडद्यावरून हे दृश्य चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरांतही पोहोचते. यावर निषेधाचे पत्रक काढणे सर्वांत सोपे. परंतु त्याने साधते काय?

हॅलोवीनचे मूळ आयर्लंडातील सुगीअखेरच्या सणात सांगितले जाते. तेथे सलगम कोरून दिवे करीत. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक अमेरिकेत गेले. तेथे त्यांना आकाराने मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला. परमुलखातही समाजाने आपली रीत सोडली नाही, ही गोष्ट हिणवण्याजोगी खचितच नव्हे. शिवाय विदर्भात ज्याची बोंडे तळली जातात ते लाल कोहळेही मूळचे अमेरिकेचेच!

मराठी मुलाच्या ओळखीचा भोपळा मात्र भिववीत नाही. लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट झालेली म्हातारी भोपळ्यात बसून वाघाच्या तावडीतून निसटते. ताडोबाभोवतीच्या गावांत मोहफुले वेचायला गेलेली बाई परतेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. तेथे ही कथा निव्वळ गंमत राहत नाही. भामरागडच्या माडिया घरांतही भोपळ्याच्याच कुळातील तुंबा वाळवून, आतून पोकळ करून पाण्यासाठी वापरला जात आला आहे. कोरण्याची कला या अरण्याला कोणी शिकवावी, अशी स्थिती नाही.

वेश घेऊन दारोदार जाण्याची हौसही येथे जुनीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. नागपूरकर दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये त्याचा प्रारंभ केल्याचे सांगितले जाते. सजविलेला लाकडी नंदी ओढीत, कृष्ण वा शिवाजी होऊन मुले घरोघर जातात. घरची माउली बैलाला ओवाळते आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवते. ट्रॅक्टर आल्यापासून कित्येक घरांच्या गोठ्यात बैलजोडी उरलेली नाही. अशा घरच्या मुलाला हाताळायला मिळणारा बैल हा लाकडाचाच.

आणि नेमके येथेच मध्यमवर्गीय घर उणे पडते. बैल बाजारातून येतो, झूल तयार मिळते, बक्षीस बहुधा मोठ्या आणि महागड्या नंदीला जाते, आणि दुसऱ्या दिवशी तो कपाटावर चढतो तो वर्षभरासाठी. परदेशातील बाप मुलांसह जमिनीवर बसून भोपळ्याचा गर उपसत असतो. सागवानाच्या मुलखातील बाप दुकानात भाव विचारीत असतो. मग मुलाला परका सण जवळचा वाटला, तर दोष मुलाचा कसा?

सुताराकडून ओबडधोबड ठोकळा आणून पोळ्याच्या आधीचे दोन रविवार घरी काढले, तरी पुष्कळ आहे. पाय वाकडा बसेल, शिंग तुटेल. आजोबांना चाक बसवता येते, हेही त्या निमित्ताने नातवाला कळेल. परीक्षकांनीही पहिले बक्षीस घरी घडविलेल्या बैलासाठी राखून ठेवावे. आणि बोजाऱ्यासाठी दारात उभ्या राहिलेल्या मुलाला, पैसे हातावर ठेवण्याआधी, एवढे अवश्य विचारावे: बैलाची शिंगे कोणी रंगवली?