तिथे माणसं होतीच

एका शब्दाची गोष्ट सांगतो. १९३५ साली अमेरिकेत मुलांसाठी एक पुस्तक आलं. 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी'. लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर. आईबाप आणि लहान मुली छपराच्या गाडीत संसार भरून पश्चिमेकडे निघतात, गवताच्या मोकळ्या मुलखात लाकडाचं घर बांधतात, अशी गोष्ट. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्या मुलखाचं वर्णन होतं. त्यातून अर्थ असा निघायचा की तिकडे माणसं राहत नाहीत, फक्त इंडियन राहतात.

१९५२ मध्ये कुणा वाचकाने प्रकाशकाला पत्र लिहून या वाक्यावर बोट ठेवलं. लेखिका तेव्हा हयात होती. तिने चूक मान्य केली आणि १९५३ च्या आवृत्तीत 'माणसं' या शब्दाच्या जागी 'वसाहत करणारे' असा शब्द आला. बदल एवढाच, एका शब्दाचा. पण तोपर्यंत जवळजवळ अठरा वर्षं ते वाक्य मुलं वाचत होती, आणि शाळेत, ग्रंथालयात, घरात मोठी माणसं त्यांना वाचून दाखवत होती. बहुतेकांना त्यात काही खटकलं नाही. माझ्या दृष्टीने खरी बातमी ती आहे.

गेले काही महिने मी या गाडीवाल्यांबद्दल मिळेल ते वाचतोय. आता कुणी विचारेल, आपल्याकडे विषय कमी पडले का? नाही पडले. पण या वाचनातून जे हाती लागलं ते सांगण्यासारखं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी गाडी. सिनेमात उमदे घोडे दौडताना दिसतात. प्रत्यक्षात बहुतेक गाड्या बैलांनी ओढल्या. बैल सावकाश चालतो, पण दमदार असतो, वाटेतल्या गवतावर जगतो आणि घोड्यापेक्षा स्वस्त पडतो. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. गाडीवरचं कापड पाणी धरू नये म्हणून त्याला जवसाचं तेल लावायचे. आत हजारेक किलो ओझं. माणशी नव्वद किलोच्या आसपास पीठ घ्यावं असा सल्ला असायचा, शिवाय खारवलेलं मांस, कॉफी, हत्यारं, बियाणं. मग माणसं कुठे बसणार? बसतच नव्हती. मिसुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावापासून ओरेगनपर्यंतची सुमारे ३२०० किलोमीटरची वाट बहुतेकांनी पायी काढली. बायका, पोरं, म्हातारी, सगळ्यांनी. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर, चार ते सहा महिने.

निघायची वेळ साधणं हा खरा हिशेब. लवकर निघालं तर बैलांना गवत नाही, उशीर झाला तर पुढच्या डोंगरात बर्फ. झाड नसलेल्या मैदानात चूल कशावर पेटवायची? तर रानगव्यांच्या वाळलेल्या शेणावर. बायका आणि पोरं चालता चालता ओटी भरून रानशेणी वेचायची. १८४३ साली हजारभर माणसं एकत्र निघाली आणि वाट रुळली. पुढच्या पंचवीसेक वर्षांत ओरेगन, कॅलिफोर्निया आणि युटा मिळून तीन ते चार लाख लोक त्या वाटेने गेले.

आता सिनेमातलं दुसरं दृश्य. गाड्यांचं रिंगण, आत गोरी कुटुंबं, बाहेर घोड्यांवर ओरडत फिरणारे इंडियन. रिंगण खरं आहे, पण ते बहुतेक वेळा रात्री जनावरं पळून जाऊ नयेत म्हणून. जॉन अनरू या इतिहासकाराने रोजनिशा, पत्रं, वर्तमानपत्रं चाळून १८४० ते १८६० चा हिशेब मांडला. त्या वीस वर्षांत मूळ रहिवाशांच्या हातून मेलेले प्रवासी ३६२. प्रवाशांच्या हातून मेलेले मूळ रहिवासी ४२६. बहुतेक भेटी लढाईच्या नव्हत्याच, देवघेवीच्या होत्या. इंडियन लोकांनी वाट दाखवली, नद्या पार करून दिल्या, मासे आणि भाज्या विकल्या, त्याबदल्यात कापड, कपडे, दारूगोळा घेतला.

मग माणसं मेली कशाने? वाटेवरच्या मृत्यूंचे अंदाज वेगवेगळे आहेत, वीस हजारांच्या आसपासचा आकडा बऱ्याचदा दिला जातो. त्यात सगळ्यात मोठा वाटा पटकीचा. हजारो माणसं आणि जनावरं एकाच नदीकाठाने जाणार, तिथेच घाण करणार आणि तेच पाणी पिणार. सकाळी चालणारा माणूस संध्याकाळी पुरलेला. पटकीनंतर अपघात. चाकाखाली आलेली मुलं, नदीत वाहून गेलेले, स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागलेले. गढूळ पाण्याने मारलं, पण पाण्याचा सिनेमा होत नाही.

छापील शब्दानेही मारलं. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या गृहस्थाने १८४५ मध्ये प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढलं. त्यात कॅलिफोर्नियाला जायचा एक जवळचा रस्ता सुचवला होता. लिहिलं तेव्हा हेस्टिंग्ज त्या रस्त्याने स्वतः गेलेला नव्हता. १८४६ मध्ये डॉनर आणि रीड कुटुंबांचा तांडा त्या रस्त्याला लागला. डोंगरात झाडं तोडत वाट काढण्यात आणि पुढे खारट वाळवंटात आठवडे गेले. सिएरा नेव्हाडाच्या घाटात बर्फाने गाठलं. ऐंशीहून जास्त माणसं अडकली, जवळजवळ निम्मी मेली. वाचलेल्यांपैकी काहींनी मेलेल्यांचं मांस खाल्लं. न पाहिलेली वाट छापणाऱ्या प्रत्येकाने, म्हणजे आम्ही पत्रकारांनी आधी, हे प्रकरण वाचावं.

हे सगळं वाचताना त्या माणसांबद्दल आदर वाटतो, मलाही वाटला. वाटेत लेकरू पुरून दुसऱ्या दिवशी पुन्हा बैलांच्या खांद्यावर जू ठेवणाऱ्या बाईला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण तिच्याबद्दल आदर वाटला म्हणून ती जिथे पोचली ती जागा रिकामी होती असं होत नाही.

ओरेगनचंच बघा. वाट संपायची ती विलामेट नदीच्या खोऱ्यात. काळीभोर जमीन, भरपूर पाऊस. तिथे कलापुया लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. दरवर्षी गवताला ठरवून आग लावून ते कुरणं राखायचे. गाडीवाल्यांना जो तयार माळ दिसला तो नुसता निसर्गाचा नव्हता, त्यात या माणसांची मेहनत होती. १८३० नंतरच्या हिवतापाच्या साथीत त्यांच्यातली बहुसंख्य माणसं मेली. म्हणजे गाड्या आल्या तेव्हा खोरं मोकळं दिसलं, कारण घरं नुकतीच रिकामी झाली होती.

१८५० मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून तिथे गोऱ्या पुरुषाला ३२० एकर आणि नवरा-बायकोला मिळून ६४० एकर जमीन देऊ केली. मूळ मालकांशी जमिनीचा करार मंजूर झालेलाच नव्हता. तो झाला १८५५ मध्ये, आणि लगेच पुढच्या वर्षी उरलेल्या लोकांना ग्रँड रोंडच्या राखीव वस्तीत नेऊन सोडलं. आधी वाटप, मग खरेदीखत. काळ्या माणसांना तर ओरेगनने आपल्या घटनेतच राज्यात राहायला बंदी घातली. ते कलम १९२६ पर्यंत कागदावर होतं.

लॉराचं घरही तसंच. तिचे वडील चार्ल्स इंगल्स १८६९ मध्ये कॅन्ससमध्ये गेले. त्यांनी घर बांधलं ती जमीन ओसेज लोकांसाठी राखून ठेवलेली होती, वसाहतीला खुली झालेली नव्हती. सरळ भाषेत अतिक्रमण. ते एकटे नव्हते, हजारो जण असेच घुसले होते. पुढे काही वर्षांतच ओसेज लोकांना ती जमीन विकून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. पुस्तकातली छोटी लॉरा त्यांची रांग निघून जाताना दारातून बघते. प्रसंग सुंदर लिहिलाय. पण ते का चाललेत याचं उत्तर तिच्या मागे उभ्या असलेल्या घरात आहे, आणि ते तिला कुणी सांगत नाही.

दुसरी कथा स्वावलंबनाची. कुणाचे उपकार नाहीत, सरकारचा पैसा नाही, आमच्या मनगटावर आम्ही उभे राहिलो. अमेरिकेत आजही हे अभिमानाने सांगतात. आता कागद बघू. १८६२ मध्ये लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. पाच वर्षं राहा, शेती करा, किरकोळ शुल्क भरा, १६० एकर तुमचे. या कायद्याखाली एकूण सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. देशाचा जवळपास दहावा हिस्सा. सरकारने ती कुणाकडून तरी काढून घेतली म्हणूनच वाटता आली. इतकं मोठं सरकारी अनुदान जगात फार ठिकाणी दिलं गेलं नसेल.

तेही सगळ्यांना लाभलं नाही, कारण पाऊस. 'नांगर चालला की मागून पाऊस येतो' असा समज तेव्हा पद्धतशीर पसरवला जात होता. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७८ च्या अहवालात उलटं सांगितलं. पश्चिमेचा मोठा भाग कोरडा आहे, पाण्याची सोय नसेल तर १६० एकरांवर कुटुंब जगणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला हे अहवालाशिवाय कळतं. पण जमीन विकणाऱ्यांना तो अहवाल नको होता.

चार्ल्स इंगल्स मिनेसोटात असताना १८७५ च्या आसपास टोळधाडीने सलग पिकं खाल्ली. सरकारी मदतीचं पीठ मिळावं म्हणून त्या स्वाभिमानी माणसाला आपल्याकडे काहीही उरलेलं नाही असं लिहून सही करावी लागली. लॉराची आंधळी झालेली बहीण मेरी अंधशाळेत शिकली, तिची फी डकोटाच्या सरकारने भरली. नऊ महिन्यांचा भाऊ वारला. पिठासाठीची ती सही, सरकारने भरलेली फी आणि भावाचा मृत्यू मुलांच्या पुस्तकांत आला नाही. कॅरोलाइन फ्रेझर यांच्या २०१७ च्या 'प्रेअरी फायर्स' या चरित्रात हे सगळं सविस्तर आहे. त्याला पुलित्झर मिळालं. मला विचाराल तर पिठासाठी सही करणारा तो बाप पुस्तकातल्या बापापेक्षा जास्त मोठा वाटतो. मदत घेण्यात लाज नव्हती. ती लपवून पुढच्या पिढीला 'आम्ही कुणाचं काही घेतलं नाही' असं सांगणं यात आहे. तेच वाक्य मग दुसऱ्या गरजवंताच्या तोंडावर फेकलं जातं.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने बालसाहित्याच्या एका मोठ्या पुरस्कारावरून लॉराचं नाव काढलं. कारण दिलं ते पुस्तकांतल्या मूळ रहिवाशांच्या आणि काळ्या लोकांच्या चित्रणाचं. मोठा गदारोळ झाला. एक बाजू म्हणाली, पुस्तकच बाद करा. दुसरी म्हणाली, आमच्या आजीला हात लावू नका. पुरस्काराला नाव कुणाचं द्यायचं हा देणाऱ्याचा अधिकार, त्यावर मी वाद घालणार नाही. पुस्तक मात्र कपाटातून काढू नये. ते वाक्य मुलांसमोर यायलाच हवं आणि तिथे थांबून विचारायला हवं, 'मग ओसेज कोण होते?' हा प्रश्न सहा वर्षांच्या मुलालाही कळतो.

आणि शेजारी दुसरं पुस्तक ठेवावं. लुईस अर्ड्रिच या ओजिब्वे वंशाच्या लेखिकेचं 'द बर्चबार्क हाऊस', १९९९ चं. त्यातही एक लहान मुलगी आहे, ओमाकायास. तिलाही घर आहे, आजी आहे, छळणारा धाकटा भाऊ आहे, भुकेचा हिवाळा आहे. फरक एवढाच की गाड्या तिच्या दिशेने येतायत.

हे मराठीत कशाला लिहायचं? कारण त्या वाटेच्या शेवटाला आज मराठी घरं आहेत. पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरो, बीव्हर्टन ही गावं. इंटेलसारख्या कंपन्यांमुळे तिथे आपली कितीतरी मुलं स्थायिक झालीत. ती कलापुयांपैकी तुआलातिन लोकांची भूमी. तिथल्या मराठी नातवंडांना शाळेत ओरेगन ट्रेल शिकवतात. मुलं पुठ्ठ्याची गाडी करतात, संगणकावरच्या खेळात बैल विकत घेतात, नदी पार करतात. इथून गेलेल्या आजी-आजोबांनी ती गाडी जरूर कौतुकाने बघावी, आणि मग नातवाला विचारावं, 'गाडी जिथे थांबली तिथे आधी कोण राहत होतं रे?' त्याला उत्तर येत नसेल तर दोघांनी मिळून शोधावं. ग्रँड रोंड तिथून फार लांब नाही. त्या लोकांचे वंशज आजही तिथे आहेत आणि स्वतःची गोष्ट स्वतः सांगतात.

आम्हा बातमीदारांना 'मोकळी जागा', 'ओसाड माळ', 'विनावापर जमीन' हे शब्द फार सवयीचे झालेत. प्रसिद्धीपत्रकात येतात आणि तसेच छापून जातात. मी तरी आता असा शब्द आला की विचारतो, मोकळी कुणाच्या हिशेबाने? अमेरिकेतला तो एक शब्द दुरुस्त व्हायला अठरा वर्षं आणि एक वाचक लागला. बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, तिला एवढा वेळ मिळत नाही. म्हणून असा शब्द छापलेला दिसला, अगदी माझ्या बातमीत दिसला तरी, तो वाचक तुम्ही व्हा आणि पत्र लिहा.