फेरफार मागा

पन्हाळा तालुक्यातल्या शेतकऱ्याला सात-बारा कसा वाचायचा हे शिकवावं लागत नाही. आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते त्यावर दिसतं. पण भाऊबंदकीत वाद निघाला की नुसत्या उताऱ्यावर भागत नाही. मग फेरफार काढावा लागतो. नोंद कधी झाली, कशाच्या आधारावर झाली, मंजूर कुणी केली, हे सगळं तिथं सापडतं.

संगणकाच्या प्रोग्रामलाही असाच फेरफार असतो. प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर म्हणजे सोर्स कोड. उसाचं बिल, कर्जावरचं व्याज, पाणीपट्टी कशी काढायची याचे नियम त्यात लिहिलेले असतात. हा मजकूर गिटसारख्या प्रणालीत ठेवला, तर कोणती ओळ कोणी, कोणत्या तारखेला बदलली याची नोंद राहते. गिट 2005 साली आलं. आपला माहितीचा अधिकारही त्याच वर्षीचा.

तेव्हा सभासदहो, सोसायटीने, कारखान्याने किंवा ग्रामपंचायतीने आपल्या पैशातून सॉफ्टवेअर करून घेतलं असेल, तर त्याचा कोड फेरफारासकट सर्वांना पाहता यावा अशी मागणी करा.

ही लांबची गोष्ट नाही. 1998 मध्ये आपल्याच तालुक्यातल्या वारणानगरला केंद्र बनवून परिसरातली सुमारे 70 गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र त्यात होतं. गावातल्या केंद्रावर उसाची नोंद, तोडणीची परवानगी, खताची उचल, बिल यांची माहिती मिळू लागली. पुढे काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइलवरच्या एसएमएसचा प्रयोग झाला आणि देशोदेशीच्या अभ्यासकांनी त्यावर लिहिलं. असे प्रयोग आपल्या रानात होतात, याचा मला अभिमान आहे. पण लेख वाचून प्रोग्राम चालवता येत नाही. वारणानगरच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला गावच्या उसाचा हिशेब कोणत्या ओळीत होतो ते उघडून बघता आलं, तर तिच्या हातून पुढची दुरुस्ती होईल. कोड एकाच ठेकेदाराच्या कपाटात असला की तो माणूस गेल्यावर संस्थेला पुन्हा पहिल्यापासून पैसे मोजावे लागतात.

सरकारलाही हे मान्य आहे. शासकीय प्रणालींचा कोड खुला करण्याचं धोरण केंद्राने 2015 मध्येच आणलं. 26 मे 2020 रोजी आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड अ‍ॅपचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवला गेला. सर्व्हरचा कोड मात्र त्या दिवशी आला नव्हता, आणि लोकांनी तोही मागितला. ते बरोबरच होतं. सातपैकी चारच पानं दाखवून फेरफार पुरा होत नाही.

“मग आमची खाती उघडी पडतील काय?” ही भीती साहजिक आहे. पण हिशेबाची रीत वेगळी आणि तुमचा हिशेब वेगळा. कोड खुला करायचा; सभासदांची नावं, खाती, आधार क्रमांक नाही. मात्र इथं एक खबरदारी घ्यावीच लागते. कुणी पूर्वी कोडमध्ये पासवर्ड लिहून नंतर खोडला असला, तरी जुन्या नोंदीत तो तसाच राहतो. म्हणून खुला करण्याआधी सगळा इतिहास तपासून घ्या आणि असे पासवर्ड बदलून टाका. शिवाय कोड नुसता दिसून उपयोग नाही. तो वापरायची, सुधारायची परवानगी देणारा परवाना सोबत नसेल, तर दुसऱ्या सोसायटीला त्याला हात लावता येत नाही.

या अटी करारातच घालाव्या लागतात. काम झाल्यावर मागायला गेलात तर ठेकेदार हात वर करतो, आणि कायद्याने तो चुकतोच असंही नाही.

सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होतात. अहवाल आला की संगणक खर्चाची ओळ शोधा आणि सभेआधी लेखी प्रश्न द्या: या प्रणालीचा कोड कुणाच्या मालकीचा आहे, आणि तो आम्हाला कुठं पाहायला मिळेल? पोच घ्यायला विसरू नका.