पीएफ माझा, निर्णय कुणाचा?

२०१९ साली मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झाले. सत्तावीस वर्षं नोकरी केली. बदलापूरहून अंबरनाथ म्हणजे पुढचंच स्टेशन, पण सकाळच्या लोकलला बायकांच्या डब्यात पाय ठेवायला रोजची मारामारी. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून साडेनऊ लाख रुपये माझ्या खात्यात जमा झाले. एवढा पैसा मी आयुष्यात एकत्र पाहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने त्या पैशाचं काय करायचं ते ठरवून टाकलं. मुलाच्या फ्लॅटच्या कर्जात काही घालायचे, गावच्या घराचं छप्पर बदलायचं, उरलेले नवऱ्याबरोबर जोडखात्यात मुदतठेवीत ठेवायचे. बोलणी माझ्यासमोरच चालली होती. चहा मीच करत होते. ‘तुझ्या मनात काय आहे?’ हे मात्र कुणी विचारलं नाही.

माझ्या मनात होतं. नवऱ्यानं टाकलेल्या, मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडलेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला पन्नास हजार रुपये द्यायचे. मी तसं सांगितल्यावर आधी शांतता पसरली, आणि मग एकेक प्रश्न सुरू झाले. संस्था कुणाची? त्या बायका कसल्या? आपल्याच माणसांना गरज असताना बाहेर कशाला? तीन वर्षांपूर्वी नवऱ्यानं गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला एकवीस हजार दिले होते. ते आम्हा दोघांच्या पगारातलेच होते. तेव्हा एकही प्रश्न निघाला नव्हता, आणि मलाही कुणी विचारलं नव्हतं.

मैत्रिणींनो, बाईनं दिलेलं घरच्यांना खुपतं असं नाही. आपण तर जन्मभर देतच असतो. बांगड्या मोडतो, रजा खर्ची घालतो, झोप देतो. त्याला त्याग म्हणतात आणि त्याचं कौतुकही होतं. पण तीच बाई ‘मी ठरवलं आहे, मी देणार आहे’ असं म्हणाली की ती वाया गेली. त्यागात बाईला विचारायचं नसतं. दानात मात्र बाई स्वतः ठरवते. खुपतं ते तिचं ठरवणं.

मुलानं एक वेगळा मुद्दा काढला. ‘निदान टॅक्स तरी वाचतो का बघ.’ मग मी माहिती काढली. ती इथे देते, कारण या बाबतीत आपल्याला सहसा कुणीच काही सांगत नाही.

माझी एक भाची अमेरिकेत असते. तिच्याकडून कळलं की तिथे निवृत्ती खात्यातून पैसे काढले की ते बहुधा उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. पण २००६ पासून तिथे अशी सोय आहे की साडेसत्तर वर्षांवरचा माणूस ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम खात्यातून थेट धर्मादाय संस्थेला पाठवू शकतो, आणि ती त्याच्या उत्पन्नात धरत नाहीत. आपल्याकडे अशी थेट वाट नाही. पण पीएफपुरती तिची गरजही नाही. सलग पाच वर्षं नोकरी झालेली असेल तर निवृत्तीनंतर हाती येणाऱ्या पीएफवर आयकर लागत नाही. पैसा आधी आपल्या खात्यात येतो, पूर्ण आपला होऊन येतो. कर लागतो तो पेन्शनवर आणि ठेवींच्या व्याजावर.

राहिली देणगीवरची सवलत. १९६१ च्या आयकर कायद्यातलं ८०जी कलम त्यासाठी ओळखलं जातं. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही उत्पन्नाच्या एका मर्यादेतच. वीस टक्के कर भरणाऱ्या बाईनं वीस हजार दिले तर दहा हजार वजा होतील, म्हणजे कर वाचेल साधारण दोन हजार. रोखीनं दिलेले दोन हजारांपेक्षा जास्त असतील तर सवलत नाही, म्हणून चेकनं किंवा बँकेतूनच द्यावेत. संस्थेकडून पावती आणि दहा-बीई नावाचं प्रमाणपत्र घ्यावं. आणि २०२३-२४ पासून जी नवी करपद्धत आपोआप लागू होते, तिच्यात ही सवलत मिळतच नाही. जुनी पद्धत निवडली तरच मिळते.

आता आपल्यासारखीचा हिशेब करा. माझी पीएफची पेन्शन महिन्याला तीन हजारांच्या आसपास. किमान पेन्शन २०१४ मध्ये एक हजार रुपये ठरली. एवढ्या उत्पन्नावर कर लागतच नाही, मग वाचणार कसला? टॅक्स वाचवण्यासाठी दान ही पैसेवाल्यांची भाषा आहे. आपण द्यायचं ते वेगळ्या कारणासाठी.

त्याच सुमारास पीएफच्या अर्जाविषयीही दोन गोष्टी कळल्या. नोकरी लागली तेव्हा नॉमिनेशनच्या फॉर्मवर क्लार्कनं मला न विचारता नवऱ्याचं नाव लिहिलं होतं आणि मी खाली सही केली होती. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी योजनेप्रमाणे ज्याला कुटुंब आहे त्याला कुटुंबाबाहेरचं नाव लावताच येत नाही. म्हणजे आपल्या पश्चात पीएफ संस्थेला जावा असं त्या फॉर्मवर लिहिण्याची सोय नाही. पण त्याच योजनेत दुसरी एक तरतूद होती. स्त्री सभासदानं आयुक्तांना लेखी कळवलं की नवरा आणि त्याचे अवलंबून असलेले आईवडील तिच्या ‘कुटुंबा’तून वगळले जात. पुरुषाला बायकोचं नाव वगळायचं तर तिचा पोटगीचा हक्क संपला आहे हे सिद्ध करावं लागे. बाईला तसं काही सिद्ध करावं लागत नसे. नवऱ्यापासून वर्षानुवर्षं वेगळ्या राहणाऱ्या किती जणींना हे माहीत होतं? मला सत्तावीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

आणि काहीच लिहून ठेवलं नाही तर काय होतं, ते नारायणीदेवींच्या बाबतीत दिसलं. १९५५ मध्ये त्यांचं लग्न झालं. तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी हाकललं, माहेरच्यांनी शिकवलं, त्या नोकरीला लागल्या. १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता त्या वारल्या. मागे बँकेतली शिल्लक आणि पीएफची मोठी रक्कम राहिली. एका बाजूला त्यांची आई उभी राहिली, दुसऱ्या बाजूला नवऱ्याच्या बहिणीचे मुलगे. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला तो त्या मुलांच्या बाजूनं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ तसंच आहे. बाईला नवरा-मुलं नसतील तर तिनं स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, नंतर तिच्या आईवडिलांकडे. ज्या घरानं तिला बाहेर काढलं, तिच्या कष्टाचा पैसा त्याच घराकडे गेला.

साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेलं मृत्युपत्र असतं तर हे टळलं असतं. नोंदणी सक्तीची नाही. त्यात आईचं नाव घालता आलं असतं, मैत्रिणीचं, एखाद्या वसतिगृहाचंही. मुस्लिम मैत्रिणींना मृत्युपत्रानं सर्वसाधारणपणे एक तृतीयांशच देता येतं. ख्रिस्ती मैत्रिणींच्या धर्मादाय मृत्युपत्रांवर जाचक बंधन होतं, ते सुप्रीम कोर्टानं २००३ मध्ये रद्द केलं.

कुणी म्हणेल, म्हातारपण तोंडावर असताना हे शहाणपण कसलं? हा आक्षेप मला मान्य आहे. तीन हजारांच्या पेन्शनवर कुणी जगत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की आधी स्वतःच्या औषधपाण्याचे आणि डोक्यावरच्या छपराचे पैसे बाजूला काढा, तेही स्वतःच्या एकटीच्या नावावर. मग जे उरेल त्यातलं द्या. पन्नास हजारच दिले पाहिजेत असं नाही, पाचशेही चालतील. सगळं देऊन मुलांच्या दारात बसणं म्हणजे पुन्हा तोच त्याग.

पण द्या जरूर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तो राग खराच होता. पण गाड्या सुरू झाल्यावरचं काम फार लांबचं असतं. एखाद्या आईबरोबर दहा वेळा कल्याणच्या कोर्टात जायचं, मुलीशी कुणीतरी समजून बोलायचं, चार दिवस राहायला खोली शोधायची. याला गाडीभाडं लागतं, कार्यकर्तीला मानधन लागतं. ते पैसे नेहमी मोठ्या देणगीदारांकडूनच का यावेत? मोठा देणगीदार विषय ठरवतो, मुदत ठरवतो आणि मुदत संपली की निघून जातो. इथल्याच लोकलनं फिरलेल्या बायकांचा पैसा असेल तर काम इथल्या गरजेनं चालेल.

मी पन्नास हजार एकदम दिले नाहीत. दहा-दहा हजारांचे पाच चेक पाच वर्षांत दिले. मुलगा पहिल्या चेकनंतर महिनाभर नीट बोलला नाही. नवरा अजूनही त्याला ‘तुझं ते’ असंच म्हणतो. मृत्युपत्र मात्र मी केलं आहे, आणि त्यात त्या दोघांनाही त्यांचा वाटा आहे.

तुमच्यापैकी ज्या निवृत्तीच्या जवळ आल्या आहेत त्यांनी या आठवड्यात एवढंच करावं. आपल्या पीएफला नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे ते बघावं, आणि ते नाव कुणी लिहिलं हे आठवून पाहावं.