तागडी कोणाच्या हाती?

घरबसल्या अवघ्या देशाला माल विकता येतो, हे ऑनलाइन बाजारपेठांचे सांगणे खोटे नव्हे. परंतु कोल्हापुरी चपलांचा जोड विकला की किमतीतून दलाली, वाहतूक व जाहिरात वजा होते. माप जमले नाही म्हणून तो परत आला, तर हेलपाट्याचा भुर्दंडही पुष्कळदा विक्रेत्याच्याच माथी! काही विक्रेत्यांना झुकते माप दिल्याच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. तागडी ज्याच्या हाती, त्यानेच गिऱ्हाईक कोणाकडे धाडायचे तेही ठरवावे काय? बाजार सोडावा म्हटले, तर वर्षानुवर्षे जमलेल्या गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांची पुंजी तेथेच अडकते. आमच्या मते सरकारने प्रथम ती विक्रेत्याच्या स्वाधीन करावयास लावावी.