वस्तीतल्या तरुणांना अग्निशमनाचे रीतसर शिक्षण द्या!

१४ एप्रिल म्हटले की आपल्याला भीमजयंती आठवते. याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, हे मात्र आपल्या वस्त्यांत थोड्यांनाच ठाऊक आहे. १९४४ साली या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला धावलेले ६६ जवान प्राणांस मुकले. आपली मिरवणूक निघते त्याच दिवशी अग्निशमन सप्ताहही सुरू होतो. या योगायोगाचा उपयोग चळवळीने आजवर करून घेतला नाही.

वसई-विरारला आगीचे गांभीर्य सांगायला नको. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि १३ कोरोना रुग्ण दगावले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारमध्येच रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जण गेले. आग असो वा पडझड, पहिली धाव शेजाऱ्यांचीच असते. नालासोपारा पूर्वेच्या चाळींत तर बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकतो. तिथून पुढे बादल्या घेऊन पळतात ती आपलीच पोरे. त्यांच्या हिमतीबद्दल आम्हाला शंका नाही. पण विजेच्या आगीवर पाणी मारणारा आणि कढईतल्या पेटत्या तेलावर तांब्या ओतणारा हिमतीनेच मरतो. आधी मेन स्विच बंद करायचा, तेलाच्या कढईवर झाकण टाकायचे, गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा, धुरात उभे न राहता जमिनीलगत सरपटत बाहेर पडायचे, विझवण्याच्या नळकांड्याची पिन काढून फवारा ज्वाळेवर नव्हे तर तिच्या बुडाशी मारायचा, या गोष्टी भाषणाने येत नाहीत. हातात नळकांडे देऊन, खरी आग पेटवून त्या शिकवाव्या लागतात.

ही आम्ही भीक मागत नाही. नागरी संरक्षण कायदा, १९६८ नुसार राज्य शासन कोणत्याही क्षेत्रासाठी नागरी संरक्षण दल उभारू शकते. २००९ च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापनही त्याच्या कक्षेत आणले. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकाला १२ दिवसांचे प्रशिक्षण आहे. मे २०२५ च्या सरावाच्या यादीत आपल्याच जिल्ह्यातले तारापूर होते, कारण तिथे अणुवीज केंद्र आहे. ते योग्यच. पण दाटीवाटीच्या चाळीत राहणाऱ्याचा जीव काय कमी मोलाचा आहे?

इथे एक धोका आहे आणि तो आम्ही लपवणार नाही. स्वयंसेवक म्हणजे फुकटचा जवान, असा हिशेब प्रशासन करू शकते. जिवावरचे काम आमच्या माणसांनी करायचे आणि त्याला सेवा म्हणायचे, ही रीत गटारात उतरणाऱ्या आमच्या बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. म्हणून आमची अट स्पष्ट आहे. स्वयंसेवकांच्या नावाखाली अग्निशमन दलाचे एकही मंजूर पद रिकामे ठेवता कामा नये. स्वयंसेवकाने बंब येईपर्यंत माणसे बाहेर काढावीत, गल्ली मोकळी ठेवावी. ज्वाळांत शिरण्याचे काम पगारी, पूर्ण सज्ज जवानाचे. प्रत्येकाची नोंद, ओळखपत्र आणि विमा हवा. नुकसानभरपाईचे दावे चालवताना पहिला प्रश्न येतो तो 'हा कामगार होता का?' स्वयंसेवक कामगार ठरत नाही आणि नोंद नसेल तर त्याच्या विधवेच्या हाती कागदाचा एक कपटाही उरत नाही.

आणि हो, यात बायका हव्यातच. दुपारी चाळ पेटली तर पुरुष विरार-चर्चगेट लोकलने कामावर गेलेले असतात, घरात त्याच असतात.

समता सैनिक दलाच्या शाखांनी आणि जयंती मंडळांनी आतापासूनच प्रत्येक वस्तीतून २० नावे काढावीत, त्यांतली १० महिलांची. महापालिका आयुक्तांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जाचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ. अर्जाची पोच मात्र शिक्क्यानिशी घ्यावी.