सारंगाची परीक्षा कोणत्या भाषेत?

भाषेचा प्रश्न निघाला की आपले लक्ष शाळा, सरकारी अर्ज आणि बसवरच्या पाट्या यांकडे जाते. ते योग्यच आहे. बेळगाव, निपाणीपासून गोव्यापर्यंत आपल्या समित्यांनी या गोष्टींसाठी वर्षानुवर्षे निवेदने दिली आहेत. परंतु माणसाच्या पोटापाण्याशी जोडलेल्या परीक्षा कोणत्या भाषेत होतात, याकडे आपले दुर्लक्ष झाले, हे समितीचा एक सभासद या नात्याने मला कबूल केले पाहिजे. आज अशाच एका परीक्षेविषयी लिहायचे आहे. ती आहे नौका चालवणाऱ्यांची, म्हणजे सारंग आणि मास्टर यांची परीक्षा.

माझी शाळा मांडवीच्या काठी. खनिजाचा व्यवसाय जोरात होता तेव्हा वर्गाच्या खिडकीतून भरलेल्या बार्जी मुरगावकडे जाताना दिसत. माझा एक विद्यार्थी मराठी शाळेत शिकला आणि पुढे परिस्थितीमुळे बार्जवर खलाशी म्हणून लागला. दहा-बारा वर्षांत नदीचे पात्र त्याला पाठ झाले. भरती-ओहोटी, गाळाच्या जागा, पुलांचे खांब, धुक्यातले वळण, सारे काही. मग त्याने सारंगाच्या प्रमाणपत्रासाठी परीक्षा दिली. तोंडी परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी आपल्या भाषेत विचारले, त्याने आपल्या भाषेत सांगितले. लेखी पेपर मात्र इंग्रजीत होता.

पेपर घेऊन तो संध्याकाळी माझ्याकडे आला. एक प्रश्न होता, नौका ‘अंडर वे’ असताना रात्री कोणते दिवे लावावेत? नौकानयनाच्या नियमांत या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. जी नौका नांगरलेली नाही, धक्क्याला बांधलेली नाही आणि गाळात रुतलेली नाही ती ‘अंडर वे’. मशीन बंद असून नुसती वाहत असली तरीही. याने ‘वे’ म्हणजे रस्ता, ‘अंडर’ म्हणजे खाली, असा शाळेतला अर्थ लावला आणि पुलाखालून जाताना कोणती काळजी घ्यावी ते लिहून आला! मी तोच प्रश्न मराठीत विचारला, तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, “मास्तर, डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा, डोलकाठीवर आणि मागे पांढरा. मशीन बंद पडले म्हणून हे दिवे मालवायचे नसतात.” उत्तर बरोबर होते. निकाल मात्र नापासाचा लागला. दुसऱ्या खेपेसही तेच झाले.

मी शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेला माणूस आहे. परीक्षेने जे मोजायचे ठरवले आहे तेच मोजावे, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा. येथे नौकानयन मोजायचे होते, मोजले गेले इंग्रजी.

परीक्षाच नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. या परीक्षा कशा आल्या ते पाहण्यासारखे आहे. जहाजे फुटून माणसे बुडत, त्याची कारणे शोधण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १८३६ साली समिती नेमली. तिने कप्तानांच्या अज्ञानाकडे बोट दाखवले. १८४५ पासून ऐच्छिक परीक्षा सुरू झाल्या आणि १८५० च्या कायद्याने परदेशी जाणाऱ्या जहाजांचे मास्टर व मेट यांना प्रमाणपत्र सक्तीचे केले. जे आधीपासून ते काम करीत होते त्यांना मात्र सेवेच्या आधारावर वेगळे प्रमाणपत्र देण्यात आले. अनुभवाची कदर त्या कायद्याने केली होती. स्वतःच्या हौशी नौकेवर अशा प्रमाणपत्राची सक्ती नसतानाही काही धनिक मालकांनी आपण होऊन ही परीक्षा दिली. ‘सनबीम’ नौकेतून १८७६-७७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणारे थॉमस ब्रासी हे त्यांपैकी एक. त्यांचे कौतुक जरूर करावे. पण त्या दर्यावर्दींनी आणि त्या धनिकांनी परीक्षा दिली ती आपल्या मातृभाषेत, हेही विसरू नये.

आपल्याकडे देशांतर्गत जलमार्गांसाठी १९१७ साली कायदा झाला. त्यात प्रमाणपत्रांचे वर्ग होते पहिल्या वर्गाचा मास्टर, दुसऱ्या वर्गाचा मास्टर आणि सारंग. गंमत पाहा, इंग्रजांनी इंग्रजीत केलेल्या कायद्यात ‘सारंग’ हा शब्द आपल्या डेकवरून उचलून जसाच्या तसा ठेवला. शब्द चालला, मग त्या सारंगाची भाषा का चालू नये? तो कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला. म्हणून हा विषय मांडण्याची वेळ हीच आहे.

कोणी म्हणेल, समुद्रावर इंग्रजीवाचून भागत नाही. अगदी खरे. परदेशी जाणाऱ्या जहाजावर नाना देशांचे लोक असतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली त्यांच्यासाठी प्रमाणित इंग्रजी वाक्ये ठरवून दिली, ती सुरक्षिततेसाठीच. तेथे इंग्रजीचा आग्रह हवाच. पण नदीतल्या बार्जवरचा सारंग खलाशाला हुकूम देतो तो मराठी-कोंकणीत. समोरच्या नौकेशी तो शिट्टीने बोलतो. एक छोटी शिट्टी म्हणजे मी उजवीकडे वळतो, दोन म्हणजे डावीकडे. त्या शिट्टीला कोणती भाषा आहे?

दुसरा आक्षेप असा की प्रमाणपत्र देशभर चालायचे तर भाषा एकच हवी. त्याचे उत्तर केंद्र सरकारनेच दिले आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीची परीक्षा २०२४ पासून हिंदी-इंग्रजीखेरीज १३ प्रादेशिक भाषांत होते. त्यांत मराठी आहे आणि कोंकणीही आहे. हातात बंदूक द्यायची परीक्षा मराठीतून होऊ शकते, तर सुकाणू द्यायची का होऊ नये? गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणीबरोबर मराठीच्या सरकारी वापराची तरतूद आहेच.

तेव्हा मागणी साधी आहे. लेखी प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठी आणि कोंकणीत छापावी. उत्तर कोणत्या भाषेत लिहायचे ते उमेदवाराने ठरवावे. नियमांचे सोपे मराठी पुस्तक निघावे, त्यात ‘अंडर वे’सारखे शब्द तसेच ठेवून त्यांचा अर्थ समजावून द्यावा. त्या पुस्तकाच्या भाषेचे काम आम्ही शिक्षक विनामोबदला करू. आणि परीक्षेची काठिण्यपातळी तसूभरही कमी करू नये, कारण त्या नौकेत आपलीच मुलेबाळे बसतात.

माझा तो विद्यार्थी २०१८ साली खाणी पुन्हा बंद झाल्यावर बार्ज सोडून पर्यटकांच्या बोटीवर गेला. आजही तो खलाशीच आहे. परवा धक्क्यावर भेटला, म्हणाला, “मास्तर, पेपर आपल्या भाषेत आला तर सांगा. अजून एकदा बसेन.” त्याला काय उत्तर द्यायचे, ते आता संबंधितांनी ठरवावे.